तारांकित शब्दांचा माग: आद्य-जर्मॅनिक शब्दाचं मूळ आणि त्याचे वंशज कसे शोधायचे

आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने पत्र्यावर रंगाने लिहून ठेवलंय: ‘सायकलच्या चाकाचा आऊट काढून मिळेल. व्हील फिटिंग.’ दोन ओळींची ही पाटी मी कित्येक वर्षं वाचत होतो. मग एका संध्याकाळी पंक्चर निघेपर्यंत बाकड्यावर बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला. या पाटीवरचे तीन शब्द, सायकल, चाक आणि व्हील, ही तिन्ही एकाच शब्दाची नातवंडं आहेत. चाक संस्कृत चक्रातून आपल्याकडे घरच्या वाटेने आलं. सायकल ग्रीक ‘कीक्लोस’मधून लॅटिन, मग इंग्रजी असा फेरा मारून आली. आणि व्हील आलं आद्य-जर्मॅनिक नावाच्या भाषेतून. त्या भाषेतला एकही ग्रंथ कोणी पाहिलेला नाही.

लेख या तिसऱ्या वाटेबद्दल आहे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या सगळ्यांची आजी म्हणजे आद्य-जर्मॅनिक. साधारण इ.स.पू. ५०० पासून पुढची काही शतकं ती डेन्मार्क, दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात होती. तिचे शब्द आपल्याला कळतात ते नातवंडांच्या तोंडावळ्यावरून. म्हणून अशा शब्दाच्या डोक्यावर तारा काढतात: *दागाझ, *फादेर. ‘हे रूप कुठे लिहिलेलं सापडलं नाही, आम्ही हिशोबाने काढलंय,’ असं तो तारा सांगतो. १९व्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने ही ताऱ्याची पद्धत रूढ केली.

हा हिशोब घरबसल्या कसा करायचा ते आता बघू. संस्कृतची तोंडओळख आणि मराठीचा कान असेल तर तुम्ही जर्मन विद्यार्थ्यापेक्षा दोन पावलं पुढूनच सुरुवात करता.

आधी घरचा नियम

हस्त, सप्त, अष्ट, चक्र यांचं मराठीत काय झालं? हात, सात, आठ, चाक. मधल्या प्राकृत टप्प्यावर हत्थ, सत्त, अट्ठ, चक्क अशी जोडाक्षरं एकसारखी झाली. मग मराठीत त्यातला एक वर्ण गळला आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांब झाला. हे एखाद्या शब्दापुरतं घडलं नाही, ठरावीक परिस्थितीत सगळीकडे घडलं. याला ध्वनिनियम म्हणतात. व्युत्पत्तीचा सगळा डोलारा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. दोन शब्द सारखे दिसतात याला काडीची किंमत नाही. त्यांच्यातला फरक नियमात बसतो का, याला किंमत आहे.

दुसरी घरची शिदोरी म्हणजे तत्सम आणि तद्भव. चक्र तत्सम, चाक तद्भव. इंग्रजीतही हाच प्रकार आहे, फक्त तिथे तत्समाच्या जागी लॅटिन आणि फ्रेंच येतात. ‘फादर’ घरचा, ‘पॅटर्नल’ लॅटिनमधून उसना. ‘ब्रदर’ घरचा, ‘फ्रॅटर्निटी’ उसना. माग काढायला बसताना पहिली चाळणी हीच लावायची. शरीराचे अवयव, नातेवाईक, अंक, जनावरं, शेतीची आणि गाडीची अवजारं, साधी क्रियापदं असे शब्द बहुतेक घरचे निघतात. जड, लांब, कचेरीतले शब्द बहुतेक उसने. इंग्रजी शब्दाला डच किंवा जर्मन जोडीदार मिळतो का ते बघायचं. मिळाला नाही तर सध्या तो शब्द बाजूला ठेवा.

पहिलं काम: आजचं रूप विसरा

‘टूथ’ घेऊ. दात. हा नमुना मला फार आवडतो, कारण यात जवळजवळ सगळे टप्पे एकदाच भेटतात.

आजच्या उच्चारावरून कधीही सुरुवात करू नका. प्रत्येक भाषेतलं जुन्यात जुनं लिखित रूप काढा. इंग्रजीसाठी हजारेक वर्षांपूर्वीची प्राचीन इंग्रजी, जर्मनसाठी प्राचीन उच्च जर्मन, स्कँडिनेव्हियासाठी प्राचीन नॉर्स. आणि यांच्याही आधीची गॉथिक. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत स्वीडनमध्ये उप्सालाच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली. गॉथिक भाषा पुढे मेली, पण तिचं रूप बाकीच्यांपेक्षा काही शतकं जुनं असल्याने वादात तिची साक्ष वजनदार ठरते.

तर दाताची रूपं अशी: प्राचीन इंग्रजी ‘तोथ’, प्राचीन उच्च जर्मन ‘त्सांद’ (आजचा ‘त्सान’), डच आणि स्वीडिश ‘तांद’, गॉथिक ‘तुंथुस’.

इथे लिपीबद्दल एक सूचना. ग्रंथांत तुम्हाला काठीला मधोमध पोट आल्यासारखं एक अक्षर दिसेल. त्याचं नाव थॉर्न. त्याचा उच्चार आपला महाप्राण थ नव्हे. जीभ दातांना टेकवून हवा घासत सोडली की होतो तो, इंग्रजीत ‘थिंग’ म्हणताना इंग्रज काढतात तो. मी इथे त्यासाठी थच वापरतोय. तसंच या भाषेतला ह बऱ्याचदा घशातून खरवडून येणारा, उर्दूतल्या ‘खबर’मधल्या पहिल्या वर्णासारखा होता.

दुसरं काम: जर्मनचा मुखवटा काढा

जर्मन रूप बघून लोक गोंधळतात. ‘टेन’ला ‘त्सेन’, ‘वॉटर’ला ‘वासर’, ‘ॲपल’ला ‘आप्फेल’, ‘मेक’ला ‘माखेन’. उच्च जर्मन बोलींत प, त, क हे वर्ण पुढे सरकले: प चा प्फ किंवा फ, त चा त्स किंवा स, क चा ख. शिवाय द चा त झाला (‘डॉटर’ आणि ‘टोख्टर’) आणि थ चा द (‘थ्री’ आणि ‘द्राय’). इंग्रजी, डच, स्वीडिश यांच्यापर्यंत ही लाट पोचलीच नाही (थ चा द तेवढा डचमध्येही झाला). म्हणून हिशोबाआधी जर्मन रूप उलटं फिरवायचं. ‘त्सांद’मधला त्स म्हणजे मूळ त, शेवटचा द म्हणजे मूळ थ. झालं ‘तांथ’.

मी पुण्यात जर्मन शिकत होतो तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. शेकडो शब्द नुसते घोकले. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर असता तर निम्मे शब्द आपोआप लक्षात राहिले असते.

आता इंग्रजी ‘तोथ’मध्ये न कुठे गेला? इंग्रजीत थ, स, फ यांच्या आधीचा अनुनासिक गळतो आणि स्वर लांब होतो. पडताळून बघा. जर्मन ‘गान्स’ तर इंग्रजी ‘गूस’, जर्मन ‘फ्युन्फ’ तर इंग्रजी ‘फाइव्ह’, जर्मन ‘उन्स’ तर इंग्रजी ‘अस’. नियम आहे, अपवाद नाही. म्हणजे ‘तोथ’च्या मागेही *तांथ उभा आहे. गॉथिकमध्ये स्वर वेगळा आहे, कारण या शब्दाच्या निरनिराळ्या विभक्तींत स्वर बदलत असे आणि गॉथिकने दुसरा धरला. कोशात तुम्हाला *तांथ्स असं रूप मिळेल.

आणि आता मजा. दन्त पासून दात. अनुनासिक गेला, स्वर लांब झाला. इंग्रजीनेही अगदी हेच केलं, हजारो मैलांवर, आपल्याला न विचारता. भाषा ओळखीच्या नसल्या तरी त्यांच्या सवयी जुळतात. म्हणूनच नुसत्या साम्यावर विसंबायचं नसतं.

तिसरं काम: शेपूट जोडा

आद्य-जर्मॅनिक नामांना प्रत्यय असत. सर्वांत जास्त भेटणारा म्हणजे ‘-आझ’. दिवस या अर्थाच्या शब्दाची रूपं बघा: गॉथिक ‘दाग्स’, नॉर्स ‘दाग्र’, प्राचीन इंग्रजी ‘दॅय’, प्राचीन उच्च जर्मन ‘ताग’. गॉथिकमध्ये शेवटी स, नॉर्समध्ये र, पश्चिमेकडे काहीच नाही. या तिघांना एकत्र समजावणारा वर्ण म्हणजे झ. म्हणून *दागाझ.

याला पुरावा काय, असं कोणी विचारलं तर दोन साक्षीदार आहेत. पहिला सोन्याचा. डेन्मार्कमधल्या गालेहुस इथे १७३४ साली सोन्याचं एक शिंग सापडलं. साधारण इ.स. ४०० चं. त्यावर रून लिपीत कोरलेलं होतं: ‘एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना ताविदो’. मी, ह्लेवागास्ती होल्तिया याने, हे शिंग घडवलं. कारागिराने स्वतःच्या नावाला दोनदा झ लावून ठेवला आणि भाषाशास्त्रज्ञांवर उपकार केले. शिंग मात्र राहिलं नाही. १८०२ मध्ये एका सोनाराने ते चोरून वितळवून टाकलं, जुन्या चित्रांवरून मजकूर वाचला. (त्यातला ‘होर्ना’ म्हणजे आपल्या ट्रकच्या मागे लिहिलेला हॉर्नच. आणि त्याचा धातू संस्कृत ‘शृङ्ग’शी, म्हणजे आपल्या शिंगाशी, जुळतो.)

दुसरा साक्षीदार फिनिश भाषा. ती या कुटुंबातली नाही, पण शेजारी राहून तिने शब्द उसने घेतले आणि बरणीत घालून ठेवावेत तसे जपले. राजा: फिनिश ‘कुनिंगास’. इंग्रजीत त्याचं ‘किंग’ उरलं, जर्मनमध्ये ‘क्योनिश’. फिनिशमध्ये आख्खा *कुनिंगाझ शेपटासकट आहे. सोनं: ‘कुल्ता’, मूळ *गुल्थां. ताऱ्याचं रूप बरोबर काढलंय का, हे तपासायला फिनिशइतका चांगला पंच नाही.

आणि संस्कृत वाचणाऱ्याला ही शेपटं नवी नाहीत. ‘-आझ’ म्हणजे ‘रामः’मधला विसर्ग. ‘-अम्’चा तिकडे नाकातला ‘-आं’ झाला. ‘युगम्’ला *युकां.

चौथं काम: आजीच्या आईकडे

आता वर चढायचं, आद्य-इंडो-युरोपीयपर्यंत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि आद्य-जर्मॅनिक या सगळ्यांच्या सामाईक पूर्वज भाषेपर्यंत. शिडी १८२२ मध्ये याकोब ग्रिमने नीट मांडली. त्याआधी १८१८ मध्ये डॅनिश रास्मुस रास्कने बरंचसं दाखवून दिलं होतं, पण नाव ग्रिमचं चिकटलं. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला हा थोरला.

शाळेतली वर्णमाला ज्यांना पाठ आहे त्यांना हा नियम एका श्वासात सांगता येतो. प, त, क यांचे घासून निघणारे फ, थ, ह झाले. ब, द, ग यांचा घोष गेला आणि ते प, त, क झाले. भ, ध, घ यांचं महाप्राणत्व गेलं आणि ते ब, द, ग झाले. युरोपातल्या विद्यार्थ्याला घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण हे आधी समजावून सांगावं लागतं. आपण ते कखगघ म्हणतानाच शिकलेलो असतो.

दन्त घ्या. द चा त, त चा थ. *तांथ. बसलं. पाद घ्या. प चा फ, द चा त: ‘फूट’. भ्राता: भ चा ब, त चा थ: ‘ब्रदर’. युग: ग चा क: ‘योक’. हा माझा लाडका शब्द आहे, कारण बैलांच्या मानेवरचं जू हे याच ‘युग’चं तद्भव. जू आणि योक एकमेकांशेजारी ठेवले तर कोणाला खरं वाटणार नाही की हे सख्खे चुलत भाऊ आहेत. ध्वनिनियमाशिवाय ते कधीच सापडले नसते.

एक दुरुस्ती मात्र संस्कृतच्या बाजूने करावी लागते. संस्कृतनेही आपले खेळ केलेत. एका जुन्या ‘क’चा तिने श केला, ‘ग’चा ज, ‘घ’चा ह. म्हणून श ची जोडी ह शी लागते: शत आणि ‘हंड्रेड’, श्वन् (कुत्रा) आणि ‘हाउंड’. ज ची क शी: जानु आणि ‘नी’, ज्यातला लिहिलेला क इंग्रज गिळतात पण जर्मन अजून उच्चारतात. ह ची ग शी: हंस आणि ‘गूस’. दुसरं, संस्कृतने ए, ओ, अ हे तीन ऱ्हस्व स्वर एकाच अ मध्ये ओतले. स्वरांची साक्ष घ्यायची तर ग्रीक आणि लॅटिनकडे जायचं, संस्कृतकडे नाही. व्यंजनांसाठी मात्र संस्कृतसारखा साक्षीदार नाही.

चक्र आता सोडवता येतं. मूळ ‘क्वेक्वलोस’ असं काहीसं रूप. संस्कृतने ए च्या आधीच्या क्व चा च केला, ल च्या आधीच्याचा क ठेवला, ल चा र केला. म्हणजे चक्रातले च आणि क मुळात एकच वर्ण. जर्मॅनिकने दोन्ही क्व चे ह्व केले: *ह्वेह्वलाझ. त्यातून प्राचीन इंग्रजी ‘ह्वेओल’, डच ‘वील’, स्वीडिश ‘यूल’ (लिहिताना पुढे ह असतोच), आइसलँडिक ‘ह्योल’.

जर्मन? तिच्यात हा शब्दच चालत नाही. जर्मनमध्ये चाकाला ‘राद’ म्हणतात, आणि तो लॅटिन ‘रोता’चा आणि आपल्या ‘रथ’चा भाऊ आहे. इंग्रजांनी चक्र ठेवलं, जर्मनांनी रथ. सायकलला जर्मन ‘फारराद’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘राद’. वंशज शोधताना हे पक्कं ध्यानात ठेवा: एखाद्या शाखेत शब्द नसणं ही सुद्धा नोंद आहे. तिथे कोणी जागा घेतली हेही लिहून ठेवायचं.

नियम मोडला असं वाटतं तेव्हा

काही जागी, स्त, क्त अशा जोड्यांत, त बदलतच नाही. नक्त (रात्र) आणि जर्मन ‘नाख्ट’, अष्ट आणि जर्मन ‘आख्ट’. आधीचा वर्ण घासून निघणारा असला की पुढचा त तसाच राहतो. ‘त्र’ या यादीत नाही, तिथे मात्र बदल होतो: त्रयः आणि ‘थ्री’. पाठ करताना मी नेहमी इथे घसरायचो.

खरी डोकेदुखी वेगळी होती. पिता, माता, भ्राता. तिघांतही स्वरांच्या मधे त. ग्रिमप्रमाणे तिघांतही थ यायला हवा. गॉथिकमध्ये भावाला ‘ब्रोथार’, पण बापाला ‘फादार’. जर्मनमध्ये ‘फाटर’ आणि ‘मुटर’, पण ‘ब्रूडर’. (इंग्रजीकडे बघू नका, तिने फार पुढे तिघांनाही सारखंच करून टाकलं. प्राचीन इंग्रजीत ‘फॅदर’, ‘मोदोर’ पण ‘ब्रोथोर’ असंच होतं, द आणि थ वेगळे.) एका घरातल्या तिघांना दोन न्याय का?

उत्तर कार्ल व्हर्नर या डॅनिश माणसाने १८७५ मध्ये काढलं, आणि ते सापडलं ऋग्वेदात. वैदिक पोथी उघडा. अक्षरांखाली आडव्या रेघा, वर उभ्या रेघा. त्या स्वरांच्या खुणा: अनुदात्त, स्वरित. ज्याला खूणच नाही तो बहुतेकदा उदात्त, म्हणजे चढा. पिता आणि माता यांत उदात्त शेवटच्या अक्षरावर आहे, भ्राता मध्ये पहिल्यावर. बस, एवढंच. आघात आधीच्या अक्षरावर असेल तर थ टिकला, नसेल तर तो मऊ होऊन द झाला. पुढे जर्मॅनिकने सगळे आघात पहिल्या अक्षरावर आणून ठेवले आणि कारण पुसलं गेलं, परिणाम तेवढा उरला. जर्मन माणूस आज ‘फाटर’ आणि ‘ब्रूडर’ म्हणतो तेव्हा तो नकळत ऋग्वेदाचा उदात्त पाळत असतो. वेदपाठशाळेत हात आणि मान हलवत संथा घेणाऱ्या मुलांनी जे पिढ्यान् पिढ्या जपलं, त्यावर युरोपातल्या भाषाशास्त्राचा सर्वांत मोठा पेच सुटला. १८७७ मध्ये मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्यानं देत होते, म्हणजे तोच काळ.

याचा सगळ्यात जवळचा अवशेष इंग्रजीच्या पहिल्या धड्यात आहे: ‘वॉज’ आणि ‘वेअर’. एकवचनात स, अनेकवचनात र. तो र म्हणजे मऊ झालेल्या स चा झ आणि झ चा र. संस्कृतात याच धातूचं, वस् चं, रूप बघा: एकवचन ‘उवास’, आघात धातूवर. अनेकवचन ‘ऊषुः’, आघात प्रत्ययावर. वस् म्हणजे राहणे, वसणे. आपली वस्ती आणि इंग्रजांचा ‘वॉज’ एकाच गावचे.

चाकाच्या कोशातल्या नोंदीत दोन-दोन ताऱ्यांची रूपं दिसतात, एक ह्व असलेलं, एक मऊ झालेलं. आता कारण कळेल. ग्रीक ‘कीक्लोस’चा आघात पहिल्या अक्षरावर, वैदिक ‘चक्र’चा शेवटच्या. मूळ भाषेत दोन्ही चाली असाव्यात, असं मानतात.

सापळे

‘डे’ आणि ‘दिवस’. मी कॉलेजात असताना हे नातं छातीठोकपणे सांगत फिरायचो. शिडी लावा: संस्कृत द ला जर्मॅनिक त हवा. ‘डे’मध्ये तर द आहे. नातं बाद. दिवस, देव यांच्या घराण्याचा जर्मॅनिक वंशज वेगळाच आहे: *तीवाझ, एक देव. त्याच्या नावाचा वार म्हणजे ‘ट्यूजडे’. म्हणजे या शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात देव आहे आणि दुसऱ्या अर्ध्यातला ‘डे’ परका. *दागाझ चा संबंध काही जण दह्, दाह, निदाघ यांच्याशी लावतात, तळपण्याच्या अर्थाने. ते सगळ्यांना पटलेलं नाही.

‘बॅड’ आणि बदनाम, बदफैली यांतलं ‘बद’. अर्थ तोच, उच्चार तोच, नातं शून्य. फारसी बद आधीच्या पहलवीत ‘वद’ होता. जसजसे मागे जाल तसतसे दोघे दूर जातात. खरे भाऊ मागे जाताना जवळ येतात. ही कसोटी कुठल्याही जोडीला लावून बघा.

तिसरा सापळा शेजाऱ्यांकडून आलेल्या घरच्या वस्तूंचा. ‘सिस्टर’चं प्राचीन इंग्रजी रूप ‘स्वेओस्तोर’ होतं. आजचा चेहरा नॉर्स ‘सिस्तिर’चा आहे, व्हायकिंगांबरोबर आलेला. मूळ एकच, *स्वेस्तेर, संस्कृत स्वसृ. मराठीत ही स्वसा स्वतंत्र शब्द म्हणून उरली नाही, पण ‘मातृष्वसा’ची ‘मावशी’ झाली. मावशीला हाक मारताना ‘मदर’ आणि ‘सिस्टर’ दोघी एकदम येतात.

खाली उतरताना: साबण

वंशज शोधताना लोक फक्त जर्मॅनिक भाषांत बघतात. पण शब्द घर सोडूनही जातात, आणि त्यांतले काही आपल्या न्हाणीघरापर्यंत आलेत.

इंग्रजी ‘सोप’, डच ‘झेप’, जर्मन ‘झायफं’. प विरुद्ध फ हा जर्मनचा मुखवटा, तो काढला. स्वर: इंग्रजी ओ, जर्मन आय. हीच जोडी ‘स्टोन’ आणि ‘श्टाइन’, ‘होम’ आणि ‘हाइम’ इथे दिसते, म्हणजे मूळ आय. (सावध: इंग्रजी ‘माइन’ आणि जर्मन ‘माइन’सारख्या जोड्यांत इंग्रजीतही आय असतो, तिथे मूळ दीर्घ ई आहे.) फिनिशमध्ये ‘साइप्पुआ’, आय शाबूत. तारा लावा: *सायपों.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी ‘सापो’ नावाच्या पदार्थाबद्दल लिहितो. चरबी आणि राख यांचा, केस तांबूस करण्यासाठी, गॉल लोकांनी काढलेला. जर्मन लोकांत तो बायकांपेक्षा पुरुष जास्त वापरतात, असंही सांगतो. शब्द जर्मॅनिककडून लॅटिनमध्ये गेला. तिथून एक वाट पोर्तुगीज ‘साबांव’कडे, दुसरी ग्रीकमार्गे अरबी ‘साबून’कडे. मराठी ‘साबण’ यांपैकी कुठल्या वाटेने आला यावर वाद घालता येतो, कारण ब काहीच फोडत नाही. पोर्तुगीजने स्वरांमधला प मऊ करून ब केला, अरबीत प नसल्याने ब झाला. पण दोन्ही वाटा मागे एकाच पाणवठ्यावर मिळतात. ‘सोप’ आणि ‘साबण’ यांत भाषांतर नाही, शब्द एकच आहे.

आणि अंग पुसायला? *थ्वाहलां म्हणजे धुणं, न्हाणं. फ्रँक लोकांच्या बोलीतून तो जुन्या फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत ‘टॉवेल’. पोर्तुगीजमध्ये ‘तोआल्या’, त्यातून गोव्यात ‘तुवालो’. साबण आणि टॉवेल, दोन्ही त्याच उत्तरेकडच्या थंड गावांतले.

कोश उघडल्यावर

विक्शनरी या इंटरनेटवरच्या कोशात ताऱ्यांचे शब्द वेगळ्या ‘पुनर्रचना’ विभागात असतात. इंग्रजी शब्दाच्या व्युत्पत्तीत ताऱ्यावर टिचकी मारली की तिथे पोचता. खाली वंशजांचं झाड असतं. त्यात शब्दाआधी बाण असेल तर तो उसना, नुसती रेघ किंवा ठिपका असेल तर वारशाने आलेला. व्युत्पत्तीत ‘वारशाने’, ‘उसना’ आणि ‘सगोत्र’ हे तीन शब्द कुठे वापरलेत ते डोळ्यांत तेल घालून वाचा. निम्म्या अफवा या तिघांची गल्लत केल्याने पसरतात.

एकच शब्द निरनिराळ्या कोशांत निरनिराळा दिसेल. कोणी *दागाझ लिहितो, कोणी नुसतं अंग *दागा-, कोणी द आणि ग च्या पोटातून रेघ मारून ते घासून निघत होते असं दाखवतो. शब्द तोच. घाबरू नका. विक्शनरीची नोंद मी कच्चा मसुदा म्हणून वापरतो आणि जर्मनसाठी क्लूगेच्या कोशाशी (पहिली आवृत्ती १८८३, त्यानंतर अनेकदा सुधारलेला), आद्य-जर्मॅनिकसाठी क्रोनेनच्या २०१३ च्या कोशाशी ताडून बघतो. दोघांचं जमलं नाही तर वहीत दोन्ही लिहितो आणि पुढे जातो.

वही अशी आखा: इंग्रजी, डच, जर्मन (आणि कंसात मुखवटा काढलेलं रूप), नॉर्स, गॉथिक, तारा, संस्कृत, मराठी. रिकामी घरं रिकामीच ठेवा. भरायचा मोह फार होतो.

सुरुवातीला हे चार घ्या: ‘मीड’ (मधापासून केलेली दारू) आणि मध, ‘नेम’ आणि नाव, ‘ॲक्सल’ आणि बैलगाडीचा आस, ‘कट’ आणि काटछाट. तीन जुळतात. चौथा कुठे अडतो ते पहिल्याच व्यंजनाला शिडी लावली की दिसेल.